घालायचा, वाहायचा का द्यायचा?

शहापुरात किन्हवलीच्या रस्त्याला लागलं की उजव्या हाताला एक फुलांचं दुकान होतं. दुकानाला नाव नव्हतं. पाटी होती, पण तिच्यावर नावाच्या जागी लिहिलेलं होतं, 'आधी प्रसंग सांगा.' नवखा माणूस पाटी वाचायचा, आपल्याकडे प्रसंग आहे की नाही याचा विचार करायचा आणि पुष्कळदा मागे फिरायचा. समोरच्या वडेवाल्याचं म्हणणं होतं की त्या पाटीपायी भाऊंचं अर्धं गिऱ्हाईक गेलं. भाऊंचं म्हणणं होतं की जे गेलं ते गिऱ्हाईकच नव्हतं.

भाऊ म्हणजे त्या दुकानाचे मालक, कारागीर आणि हमाल. सगळं शहापूर त्यांना भाऊ म्हणायचं, त्यामुळे त्यांच्या नावाची कधी कोणाला गरज पडली नाही. ते जमिनीवर पाट टाकून बसायचे, एक पाय लांब करून, आणि त्या पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवलेला असायचा. अंगठ्यापासून सुईपर्यंत दोरा ताठ, आणि त्याच्यावर फुलं एकेक करून पायाकडे सरकत जायची. जगाशी त्यांचा सगळा व्यवहार याच अवस्थेत चालायचा. तहसीलदार कचेरीतला साहेब येवो नाहीतर वडेवाला सुट्टे मागायला येवो, भाऊ उठायचे नाहीत. उठले तर हार उठायचा.

"भाऊ, हार पायजे," असं कोणी म्हटलं की ते मान वर न करता विचारायचे,

"घालायचा, वाहायचा, का द्यायचा?"

या तीन क्रियापदांवर त्यांचा सगळा धंदा उभा होता. जित्या माणसाच्या गळ्यात तो घालायचा. देवाला किंवा गेलेल्या माणसाच्या फोटोला तो वाहायचा. आणि काही पुढारी असे असतात की हार गळ्यात घालू देत नाहीत, वरच्या वर हातात घेतात आणि न बघता मागच्या माणसाकडे देतात, त्यांच्यासाठी द्यायचा. तिन्हींची बनावट वेगळी. द्यायचा हार हलका आणि आखूड, कारण तो मिनिटभरात तिसऱ्याच्या हातात जायचा असतो. घालायचा हार पागोट्यासकट डोकं आत जाईल एवढा मोठा, आणि खाली चांगला नारळाएवढा गोंडा.

"जित्याच्या गल्यात वजन पडलं पायजे," भाऊ सांगायचे. "नायतर त्याला कलतच नाय सत्कार झाला ते."

वाहायच्या हाराला मात्र गोंडा नाही. तो गोलही नाही. दोन्ही टोकांना वीत वीत दोरा मोकळा सोडलेला, फोटोच्या दोन्ही बाजूंच्या खिळ्यांना बांधायला.

"त्याला गोंडा का नाही, भाऊ?" मी एकदा विचारलं होतं.

"गेलेल्याला वजन कशाला? सुटला ना तो." मग सुईत फूल घेत म्हणाले, "आनि त्याचा हार पक्का बांधावा लागतो. जिता मानूस हार लगेच काढून ठेवतो, तुमी बघा. घातला की काढला. ज्याला काढायचा नाय त्याचाच नीट बांधावा."

जरबेऱ्याला ते पाहुणा म्हणायचे. "पुन्याकडनं येतो, दोन दिवस तोंड वर करून बसतो, तिसऱ्या दिवशी मान टाकतो. पाव्हना तो पाव्हनाच." झेंडू घरचा. गुच्छ खोचायला जो हिरवा स्पंज मिळतो त्याला ते हिरवा पाव म्हणायचे आणि दुकानात ठेवायचे नाहीत. ते गुच्छ केळीच्या सोपटाने बांधायचे. गिऱ्हाईक म्हणायचं, कल्याणला तर पावात खोचून देतात. भाऊ म्हणायचे, "कल्यानला समदं पावातच देतात."

लग्नाची गाडीसुद्धा ते सजवायचे. किन्हवलीच्या एका वरपक्षाने "भरगच्च करा" म्हणून सांगितलं, ते त्यांनी शब्दशः घेतलं. पुढची काच इतकी भरली की ड्रायव्हर म्हणाला, "भाऊ, पुढचं काय दिसतंच नाय ना!"

"नवऱ्याला इचार, त्याला तरी कुठं दिसतंय?"

ती गाडी किन्हवलीपर्यंत ड्रायव्हरने खिडकीतून मुंडकं बाहेर काढून नेली. दुसऱ्या खिडकीतून मुंडकं काढून "जरा डावीकडं, जरा डावीकडं" ओरडणारा मी होतो. मी नवऱ्याकडचाही नव्हतो आणि नवरीकडचाही नव्हतो. भाऊंनी "फुलांवर नजर ठेव" म्हणून पाठवलं होतं. स्वतः ते कधीच कुठल्या समारंभाला जायचे नाहीत. "फूल गेलं म्हंजे मी गेलो," म्हणायचे.

माझी त्यांची ओळख एका गुलाबावरून झाली. मी तेव्हा पशुखाद्याचा एजंट होतो. शहापूर-मुरबाड पट्ट्यातल्या दुकानांत पेंडीचे नमुने मोटारसायकलवरून पोचवायचे आणि सोबत बोलायचं, एवढं काम. दुसरा भाग मी जास्त करायचो. मुरबाडला जनावरांच्या औषधांचं एक दुकान होतं आणि काउंटरवर एक मुलगी बसायची. तिच्या दुकानात माझ्या पेंडीला काही मागणी नव्हती, तरी मी आठवड्याला नमुना देऊन यायचो. शेवटी एका सकाळी भाऊंकडे जाऊन एक गुलाब मागितला.

"प्रसंग?"

"असंच."

"असंच म्हंजे प्रसंग नाय."

"एका मुलीला द्यायचाय, भाऊ."

"ती घेनार?"

"बघू आता."

"मंग बघून ये. फूल तोडलेलं हाय, तुझं ठरलेलं नाय."

मी तसाच मुरबाडला गेलो आणि काउंटरवर तिला विचारलं, गुलाब आणला तर घेशील का? तिने औषधाच्या बाटल्या लावता लावता सांगितलं, "घेईन. पण आमच्या घरी शेळ्या आहेत, दोन मिनिटांत खातील. वाईट वाटून घेणार नसशील तर आण." माझ्या आयुष्यातला हा सगळ्यात स्पष्ट होकार होता. गुलाब शेळीनेच खाल्ला. मी वाईट वाटून घेतलं नाही.

अडचण तिच्या वडिलांची होती. ते मुरबाडच्या जनावरांच्या दवाखान्यात व्रणोपचारक होते. हा सरकारी शब्द. त्याचा अर्थ जनावरांची जखम धुणारा, पट्टी बांधणारा आणि वेळ आली तर बैल आडवा पाडणारा माणूस. नोकरी अशी असल्यामुळे ते बोलायचे कमी, बघायचे जास्त. मला त्यांनी एकदाच नीट बघितलं आणि मुलीला म्हणाले, "ह्याला कुठं दुखतंय ते कलत नाय. एवढा बोलतो कशाला?" पण नाही म्हणाले नाहीत. म्हणाले, निवृत्तीचा कार्यक्रम होऊन जाऊ दे, त्या दिवशी सांगतो.

म्हणजे त्या दिवशी माझा निकाल होता. तिने मला बजावलं, "बाबांचा हार तू आण. दवाखान्यातल्या लोकांना मी तसं सांगितलंय. हार द्यायचा आणि गप्प बसायचं. एक शब्द जास्तीचा नको."

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मी भाऊंकडे गेलो. दुकानात गर्दी होती. भाऊंच्या अंगठ्याला दोरा, मांडीवर शेवंती. मी म्हटलं, "भाऊ, उद्या सकाळी एक हार. एक नंबर पायजे. माझ्या आयुष्याचा प्रश्न हाय."

"कोनासाठी?"

"होणाऱ्या सासऱ्यांसाठी. शेवटचा दिवस आहे त्यांचा."

सुई थांबली. भाऊंनी चक्क मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, कौतुकाने.

"घालायचा, का वाहायचा?" त्यांनी हळू विचारलं.

इथे एका शब्दात उत्तर द्यायचं होतं. पण दुकानात चार माणसं ऐकत होती, आणि चार माणसं ऐकत असली की माझी जीभ माझी राहत नाही. मला विनोद सुचला. मी म्हटलं, "घालणारे घालतील हो, भाऊ. मला आपला वाहायचाय!" म्हणजे पार मुरबाडपर्यंत, मोटारसायकलवर, ओझ्यासारखा. विनोदाला कोणी हसलं नाही. उलट सगळे गंभीर झाले. एकाने तर माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं, सासऱ्याची भीती सगळ्यांनाच असते.

सकाळी भाऊंनी केळीच्या पानात बांधलेला पुडा दिला. "वाटेत उघडू नको," म्हणाले. आणि नेहमी कधी बोलायचे नाहीत ते बोलले, "धीर धर."

दवाखान्याच्या आवारात मांडव होता. खुर्च्यांवर शेतकरी, आजूबाजूच्या गावांचे सरपंच, आणि मांडवाबाहेर दावणीला दोन गायी, कारण निवृत्ती असली तरी गायी आजारी पडायच्या थांबत नाहीत. डॉक्टरसाहेबांनी भाषण केलं. मग "आता पुष्पहार घालून" असं माइकवर झालं आणि मी पुढे होऊन पुडा उघडला.

आत पांढरी शेवंती आणि निशिगंध होता. त्या रंगाला कोणी दचकलं नाही. आमच्या आणि सासऱ्यांच्या समाजात लग्नंही पांढऱ्या कपड्यांतच लागतात. पण हार उचलला तसा तो सरळ लोंबला. गोल नव्हता. गोंडा नव्हता. दोन्ही टोकांना वीत वीत दोरा होता.

मला सगळं कळलं. मी गप्प राहिलो. नको तिथे बोललो होतो आणि आता बोलायला हवं तिथे गप्प राहिलो. मुलीला दिलेला शब्द असा पाळला गेला.

दवाखान्यातला शिपाई मदतीला धावला. जनावरं बांधण्यात त्याचं आयुष्य गेलेलं. "द्या हिकडं," म्हणाला, हार सासऱ्यांच्या गळ्यावर टाकला आणि दोन्ही टोकं मानेमागे करकचून बांधली. टाळ्या झाल्या. टाळ्या ओसरल्यावर पहिल्या रांगेतले एक म्हातारे शेतकरी शेजाऱ्याला म्हणाले, आपल्या समजुतीने हळूच, "हा तर फोटूचा हाय!"

ते मांडवाबाहेरच्या गायींपर्यंत ऐकू गेलं.

सासऱ्यांनी हाताने हार चाचपला, टोकापर्यंत गेले, माझ्याकडे बघितलं. "असू दे," म्हणाले, आणि सत्काराला उत्तर द्यायला उभे राहिले.

खरा प्रकार पुढे झाला. भाषण संपवून त्यांनी हार काढायला घेतला तर तो निघेना. शिपायाने दाव्याची गाठ मारली होती. ही गाठ जनावर ओढेल तसतशी आवळते. ती सोडवावी कशी ते शिपायाला माहीत होतं, पण त्याला तेवढ्यात एका गावाला अडलेल्या म्हशीसाठी बोलावणं आलं आणि तो गेला. दुसरा जाणकार म्हणजे स्वतः सासरे. गाठ त्यांनीच त्याला शिकवली होती. पण त्यांना ती दिसत नव्हती. कोणीतरी कात्री आणली. कात्रीही जनावरांचीच, हातभर लांब. सासरे म्हणाले, "आजच्या दिवशी माझ्या गल्याशी कात्री नको."

मग ते खुर्चीत बसून राहिले. उशिरा आलेले लोक मांडवात शिरायचे, पांढरा हार घातलेला स्थिर माणूस बघायचे आणि हात जोडायचे. एका आजीने चपला बाहेर काढल्या. सासरे प्रत्येकाला सांगत होते, "बसा, जेवून जा." त्याने काही जण जास्तच घाबरले.

मुलगी मानेमागे उभी राहून गाठीशी झटत होती, पण हसू दाबता दाबता गाठ तिच्या बोटांतून निसटत होती.

"तुला बोलू नको सांगितलं होतं ना?" ती माझ्याकडे न बघता पुटपुटली.

"मी इथे एक शब्द बोललेलो नाही."

"तिथे बोललास ना!"

मी मांडवाबाहेर जाऊन भाऊंना फोन लावला.

"प्रसंग?" पलीकडून आवाज आला. ते फोनवरही हेच म्हणायचे.

"भाऊ, मी. तो हार..."

"वाहिला?"

"घातला."

"कोनाला?"

"सासऱ्यांना. ते जिवंत आहेत, भाऊ. नोकरीचा शेवटचा दिवस म्हटलं होतं मी."

"तू बोल्ला वाहायचाय."

"मोटारसायकलवरून वाहायचाय म्हटलं, भाऊ."

मग भाऊ म्हणाले,

"वाहतं ते गाढव. मानूस नेतो."

आणि फोन ठेवताना म्हणाले, "त्यांना तसंच बसव. मी येतो."

भाऊ येतो म्हणाले, हे मी मांडवात कोणाला सांगितलं नाही. शहापुरातही कोणाचा विश्वास बसला नसता. पण जेवणाच्या पंगती उठता उठता एक टेम्पो दवाखान्याच्या दारात थांबला आणि त्यातून भाऊ उतरले. उभे राहिलेले भाऊ मी पहिल्यांदाच बघत होतो. ते माझ्या समजुतीपेक्षा पुष्कळ उंच होते. हातात केळीच्या पानाचा दुसरा पुडा, अंगठ्याला दोऱ्याचा वळ.

ते सरळ सासऱ्यांसमोर जाऊन उभे राहिले आणि त्यांच्याकडे न बघता हाराकडे बघू लागले.

"काढू?"

"दाव्याची गाठ हाय," सासरे म्हणाले. "वढाल तर आवलंल."

"गाठ तुमची. दोरा माझा हाय."

मागच्या गाठीला त्यांनी हातच लावला नाही. हार दोन बाजूंनी वेगवेगळा ओवून खाली मधोमध जोडलेला होता. जिथे गोंडा असायचा तिथे त्यांनी नखाने एक धागा उचलला आणि ओढला. जोड सुटला, हार समोरून उघडला, आणि फुलं सासऱ्यांच्या मांडीवर ओघळली. शेवटी हातात नुसता दोरा उरला, मधोमध शिपायाची गाठ, जशीच्या तशी.

सासऱ्यांनी गाठ निरखली. "मारलीय बराबर," म्हणाले, शिकवणाऱ्याच्या अभिमानाने. मग भाऊंना विचारलं, "तुमची कंची गाठ? परत दावा."

पुढचा बराच वेळ ते दोघं मांडवाच्या मध्यभागी दोऱ्याचा तुकडा घेऊन बसले. मला कोणी विचारेना. गाठींचा विषय संपल्यावर सासऱ्यांनी माझ्याकडे हनुवटी केली.

"तुमच्याकडं येतो ना ह्यो? कसा हाय?"

माझ्या आयुष्याचा प्रश्न असा एका फुलवाल्याच्या तोंडी गेला. भाऊंनी घाई केली नाही.

"प्रसंग खोटा सांगत नाय," ते म्हणाले. "सांगताच येत नाय, ती गोष्ट येगली."

सासऱ्यांनी मान हलवली. जनावराचा ताप बघून झाल्यावर हलवतात तशी. मग भाऊंनी दुसरा पुडा उघडून खरा हार काढला. गुलाब, झेंडू आणि खाली नारळाएवढा गोंडा. तो गळ्यात पडला तशी सासऱ्यांची मान चांगली चार बोटं खाली आली.

"आता कललं," ते म्हणाले, "रिटायर झालो ते." आणि त्याच दमात मला म्हणाले, "आईबापाला घेऊन ये रविवारी. तू बोलू नको, त्यांना बोलू दे."

भाऊंना जेवायला बसवलं. जिलेबी वाढायला आली तेव्हा त्यांनी ताटावर हात आडवा धरला आणि विचारलं, "प्रसंग?" वाढणारी मुलगी म्हणाली, "बाबांची निवृत्ती आणि माझं ठरलं." भाऊंनी हात काढला.

लग्नाचे हार अर्थातच त्यांच्याकडेच सांगितले. मी दुकानात गेलो तेव्हा त्यांनी सुई थांबवून माझं तोंड उघडायची वाट बघितली.

"घालायचे," मी म्हटलं.

"आनि?"

"आणि मी नेतो."

"हां," म्हणाले, आणि पुन्हा ओवायला लागले. लग्नाला ते आले नाहीत. फुलं आली होती.

गेल्या वर्षी दुकान बंद दिसलं. वडेवाल्याला विचारलं तर त्याने कढई पुसता पुसता सांगितलं, भाऊ गेले, आटगावला त्यांच्या घरी कार्य आहे. मी हायवेच्या बाजूच्या नव्या दुकानात गेलो. काचेचं दुकान, हिरव्या पावात खोचलेले जरबेरे, तोंडं वर. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "छोटा, मिडियम, का मोठा?"

मी थांबलो. त्या पुढे काही विचारतील असं वाटलं. त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

तयार हारांतला पांढरा घेतला, तिथेच गोंडा सोडवला आणि हार उकलून दोन्ही टोकांना वीत वीत दोरा जोडून मागितला. बाई म्हणाल्या, "असा घालणार कसा?" मी म्हटलं, "वाहायचाय."

शहापूर ते आटगाव तो हार मोटारसायकलवरून मीच वाहिला. गाढव म्हणायला कोणी नव्हतं.

सासरे मुरबाडहून आधीच येऊन बसले होते. भिंतीवर भाऊंचा फोटो होता, मान वर केलेला, त्यामुळे ओळखायला वेळ लागला. फोटोखाली त्यांचं नाव लिहिलं होतं. मी वाचलं, इथे लिहीत नाही. त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

सासऱ्यांनी माझ्या हातून हार घेतला, खुर्चीवर चढले, आणि दोन्ही टोकं दोन्ही खिळ्यांना बांधली. सावकाश, दाव्याची गाठ मारून. त्यांनी ओढून बघितलं तशी ती आवळली.

मला गप्प बसवेना. "बाबा," मी म्हटलं, "ही आता निघायची नाही. मग काढायचा कसा?"

सासरे खुर्चीवरून खाली उतरले.

"कोनाला काढायचाय?"